नातवंडाचे दप्तर

(रंगमंचावर मेज, त्यावर लाल फितीत बांधलेले दप्तर आणि मोबाईल. काळी टोपी घातलेले निवृत्त अव्वल कारकून प्रवेश करतात.)

मंडळी, मामलेदार कचेरीत उभी हयात घालवलेल्या माणसाने सहीवाचून कोणताही कागद दाखल करून घेऊ नये, हा माझा बाणा असल्यामुळे, कन्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि जावईबापूंनी या यंत्रातून (मोबाईल उचलतात) गर्भसंगोपनाचे सल्ले धाडण्याचा सपाटा लावला, तेव्हा मी प्रत्येक सल्ल्याला आवक क्रमांक देऊन रीतसर दप्तर उघडले.

आवक क्रमांक 1 : पपई वर्ज्य. क्रमांक 2 : पिकलेली पपई पथ्यकर; वर्ज्य ती केवळ कच्ची, तिच्यातल्या चिकामुळे. क्रमांक 3 : पपई विसरा, आमचे चूर्ण घ्या! तिन्हींवर सही कुणाची? कुणाचीच नाही! अहो, आमच्या वेळी दोन गुंठ्यांच्या उताऱ्यावरही तलाठ्याची सही लागत असे. इथे तर सबंध माणूस जन्माला यायचा आहे!

क्रमांक 4 : सोळाव्या आठवड्यात गर्भ ॲव्होकॅडोएवढा. हे फळ आजन्म पाहिलेले नसल्याने मंडईत चौकशी केली, तर बागवानाने असा काही भाव सांगितला की, नातवंडाच्या आकारमानाविषयी अनभिज्ञ राहणेच मला शिरस्त्यास धरून वाटले.

प्रसूतीची तारीख तेवढी विश्वसनीय वाटली, कारण नेगेल नामक जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नियमाप्रमाणे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून ती निघते; पण शेकडा 4-5 बाळेच त्या नेमक्या दिवशी रुजू होतात, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले, तेव्हा आमच्या कचेरीच्या हजेरीपटाचा मला प्रथमच अभिमान वाटला.

(गंभीर होऊन) त्यांनी एक ताकीदही दिली : रक्तस्राव झाला, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सर्व वाचन तहकूब, थेट इस्पितळ. हा हुकूम मी भिंतीवर डकवला आहे.

अखेर सापडली केंद्र सरकारची 'किलकारी' : चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईतो, दर आठवड्यास दूरध्वनीवर एक, असे 72 संदेश; विनामूल्य, आणि 2024 पासून महाराष्ट्रातही! त्यात बोलणाऱ्या डॉक्टर अनिता यांच्या अधिकारवाणीने मी इतका प्रभावित झालो की त्यांच्या नावे आभारपत्राचा मसुदा लिहिला, तो वाचून कन्या म्हणाली, "बाबा, या बाई काल्पनिक आहेत!"

(टोपी सारखी करीत) मी म्हटले, "पोरी, जागेवर नसूनही काम वेळेवर करणारा अधिकारी उभ्या नोकरीत मी पाहिला नाही. पत्र जाऊ दे!"

(पडदा.)