सत्त्याण्णव टक्के सारखे

ज्या वकिली कचेरीत एक वकील, एक होतकरू सहायक, एक जुना कारकून आणि फडताळात तांबड्या फडक्यांत बांधलेले रुमाल एवढाच काय तो सरंजाम असतो, त्या कचेरीलाही अलीकडे ‘ई-डिस्कव्हरी’चे सॉफ्टवेअर असल्यावाचून आपली अब्रू शाबूत राहत नाही असे वाटू लागले आहे. मोरा बंदराच्या रस्त्यावरील अशाच एका कचेरीने, निर्णय उतावळेपणाने होऊ नये म्हणून, तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके मागविली, त्यांचा तुलनात्मक तक्ता केला, आणि मुलीचे स्थळ पाहतानाही जी चौकशी होत नाही ती चौकशी त्या तक्त्यात भरली. तासाला किती लक्ष ई-मेल चाळता येतात, दर गिगाबाइटमागे दरमहा भाडे किती, माहिती कोणत्या देशात साठविली जाते, एकाच वेळी किती वकिलांना आत शिरता येते, सर्व काही त्यात होते. कचेरीत वकील, सहायक धरून, दोन. ई-मेल येतात ते विजेच्या बिलाचे. हाताने लिहिलेले मराठी या यंत्राला वाचता येते काय, एवढा एक रकाना मात्र तक्त्यात नव्हता.

या कचेरीचे पोट ज्यावर चालते ते काम उरण-पनवेलच्या वाचकांस सांगावयास नको. १८९४ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून इतिहासजमा झाला खरा, परंतु त्याच्या कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी केलेले अर्ज कायद्याच्या पश्चातही नांदत आहेत, आणि त्यांचे कागद म्हणजे सातबाऱ्यांचे उतारे, फेरफार, पणजोबांच्या वेळचे एखादे मोडीतले खत आणि नोटिसा. उलटपक्षी हे सॉफ्टवेअर ज्या देशात जन्मले तेथे मोठमोठ्या कंपन्या एकमेकींवर दावे लावतात व एकमेकींचे लक्षावधी ई-मेल मागवितात. २००६ साली अमेरिकेच्या दिवाणी नियमांत अशा माहितीचा स्पष्ट उल्लेखच आला. ते वाचता वाचता वकिलांच्या पलटणी थकत, म्हणून वाचन कमी करणारे यंत्र निघाले. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही आदेश ११ मध्ये प्रतिपक्षाचे दस्तऐवज उघड करविण्याची सोय आहे. पण आपल्याकडे ते दस्तऐवज आदेशाने जितके बाहेर येतात त्याहून अधिक शिपायाच्या मर्जीने येतात, आणि त्या मर्जीवर चालणारे सॉफ्टवेअर अद्याप कोणी काढलेले नाही.

प्रात्यक्षिकासाठी विक्रेता मुंबईहून लाँचने आला. ओहोटी लागली होती, बंदरातल्या गाळामुळे लाँच धक्क्याला लागेना, आणि ज्या गृहस्थाचे यंत्र तासाला लक्षावधी कागद चाळते तो पाण्याची वाट पाहत बसला. पुढे कचेरीत चहा झाल्यावर त्याने, संपादित जमिनीपोटी मिळावयाच्या भूखंडाच्या टक्क्यांची वाट पाहत बसलेल्या या मुलुखात कोणता आकडा उच्चारू नये याची कल्पना नसल्याने, साडेबारा टक्के सूट देऊ केली. कारकुनाने विचारले, “किती वर्षांनी?”

मग यंत्राची करामत सुरू झाली. एका गावच्या, त्याच जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम १२(२) खालील निवाड्याच्या नोटिसांचा रुमाल आधीच स्कॅन करून यंत्रात घातला होता. क्षणार्धात पडद्यावर अक्षरे उमटली: हे सर्व कागद सत्त्याण्णव टक्के सारखे आहेत, एक वाचावा, बाकीचे वगळावेत. विक्रेत्याने अभिमानाने सभोवार पाहिले. वकीलसाहेबांच्या मुद्रेवर अपार समाधान होते.

ही नोटीस ज्याने पाहिली आहे त्याला ठाऊक आहे की ती छापील नमुन्यावर असते: वरपासून खालपर्यंत सरकारी मजकूर, आणि मधून मधून रिकाम्या जागा, ज्यांत शाईने खातेदाराचे नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र आणि रक्कम भरलेली, तळाशी ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ आणि नोटीस मिळाल्याची तारीख. निवाड्याच्या वेळी जो हजर नव्हता त्याला ही नोटीस मिळाल्यापासून सहा आठवड्यांत अर्ज करावा लागे, अथवा निवाड्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जी मुदत आधी संपेल तीत. सारांश, अर्ज मुदतीत की मुदतीबाहेर, जमीन थोरल्याची की धाकट्याची, या सर्वांचा फैसला त्या शाईत आहे. छापील मजकुरात आहे तो केवळ सरकारचा शिष्टाचार. यंत्राने छापील तेवढे वाचले, शाईला डाग समजून सोडून दिले, आणि गावातले सगळे म्हात्रे, घरत, ठाकूर, कोळी मिळून एकच इसम आहे व बाकीच्या त्याच्या नकला आहेत असा निष्कर्ष काढला. आता हेच यंत्र जर कोणी खुद्द वकीलसाहेबांच्या दप्तरावर चालविले असते, तर त्यांचे वकालतनामे नव्याण्णव टक्के, त्यांचे वादपत्रांतील शेवटचे परिच्छेद शंभर टक्के, आणि ‘वकील परगावी गेल्याने पुढील तारीख मिळावी’ हे त्यांचे अर्ज तर शंभराहूनही काही अधिक टक्के सारखे निघाले असते, आणि तेथे एक ठेवून बाकीचे वगळले असते तर यंत्राने अशिलांचे कल्याणच केले असते. परंतु तो रुमाल सोडावयास कोणी तयार झाले नाही. बरे, सारखेपणाविषयी या यंत्राचे मत एकच असावे, तर तेही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यात ‘हॅश’ नामक अंक-अक्षरांची माळ लिहावी लागते, आणि प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा असतो. यात कायद्याची चूक नाही. फाइलीत मागाहून ढवळाढवळ झाली नाही हे त्यावरून कळते. पण तीच नोटीस काचेवर केसभर तिरकी ठेवून दुसऱ्यांदा स्कॅन केली की ही माळ समूळ बदलते. म्हणजे एकच कागद दोनदा ठेवला तर ते दोन, आणि गावभरच्या भाऊबंदांचे कागद मात्र एक.

हसण्याची गोष्ट येथे संपते. सारखेपणाची ही दृष्टी यंत्राने शोधलेली नाही. ती सरकारी कचेऱ्यांत पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे. भातशेती, खाजण, मिठागर, विहिरीची बागायत, रस्त्यालगतचा तुकडा, सर्वांना एकाच पट्टीने मोजावे आणि सर्वांच्या हाती एकच छापील कागद द्यावा, ही ती दृष्टी. कलम १८ चा अर्ज म्हणजे एका शेतकऱ्याने उभे राहून ‘माझी जमीन शेजाऱ्याच्या जमिनीसारखी नाही’ असे सांगणे. हा फरक दाखविणे एवढाच या वकिलाचा धंदा, त्यावर त्याचे घर बांधले गेले, मुले शिकली. आणि तोच आज दरमहा भाडे भरून, कोणताही फरक नाही असे सिद्ध करणारे यंत्र घरात आणतो! प्रतिपक्षाचा युक्तिवाद स्वखर्चाने विकत घेणारा वकील आमच्या पाहण्यात यापूर्वी आला नव्हता. तो जुना कारकून एकेक नोटीस उजेडाकडे धरून तारीख वाचतो, अंगठा कोणाचा हे पुसतो, शंका आल्यास खातेदाराच्या घरी जातो. त्याचा पगार वाढविण्याचा प्रश्न निघाला की कचेरीची परिस्थिती तंगीची असते. गिगाबाइटच्या भाड्याला ती तंगी आड आली नाही.

तीन दरपत्रकांपैकी मधले पत्करले गेले, कारण एक फार स्वस्त होते आणि एक फार महाग. नोटिसांचे रुमाल आता स्कॅन होत आहेत.

वाचकहो, आपल्या घरी पेटीच्या तळाशी अशी नोटीस असेल, तर मूळ कागद पोच घेतल्यावाचून कोणत्याही कचेरीत ठेवू नका. ठेवण्यापूर्वी वकीलसाहेबांना विचारा, ही मिळाली कोणत्या तारखेस? उत्तर देताना त्यांनी कागदाऐवजी पडद्याकडे पाहिले, तर तो तिथल्या तिथे परत मागून घ्या.