पॉट पाय : सप्रयोग

(टेबलावर पोळपाट, लाटणे, खोलगट भांडे, टाइमर. मागे फ्रीज आणि ओव्हन. वक्ता कोटावर एप्रन बांधून उभा. शेवटपर्यंत तो पाठ्यपुस्तक वाचल्यासारखाच बोलतो. हसायचे काम प्रेक्षकांकडे.)

वक्ता : पॉट पाय या पदार्थाला पोट असते, पाय नसतात. खोलगट भांड्यात दाटसर सारण आणि वर मैद्याच्या पापुद्र्यांचे झाकण, एवढीच त्याची शरीररचना. पाय असतात ते सारणात. कोळंबी आणि खेकडा दोघेही दशपाद गणातले, म्हणजे चालायचे पाय दहा. कोळंबीला पोहायचे वेगळे. सोलण्यापूर्वी ते मोजावेत असे कोणतीही पाककृती सांगत नाही.

(एक कोळंबी उचलून मोजू लागतो. सातव्याला चुकतो. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी खाली ठेवतो.)

पदार्थ इंग्रज आणि अमेरिकन घरांतला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पायचे कवच इतके जाड असे की तेच भांड्याचे काम करी. त्याला 'कॉफिन' म्हणत. त्या काळी शब्दाचा अर्थ पेटी, टोपली एवढाच होता. पुढे त्या पेटीत कोण जाऊ लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकी पॉट पायमध्ये खरे भांडे आले आणि पुष्कळ घरांत खालचे कवच सुटले, वरचे राहिले. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्याच्या पोटात कॉड, हॅडॉक, स्कॅलप आणि ऐपत असेल तर शेवंड जाते.

या घराण्यातला सर्वांत निर्भीड सदस्य कॉर्नवॉलमधल्या माउझल गावचा. गावाच्या नावाचे स्पेलिंग सरळ वाचले तर अर्थ निघतो उंदराचे बीळ. टॉम बॉकॉक नावाचा कोळी वादळात एकटाच समुद्रावर गेला आणि उपाशी गावाला पुरतील इतके मासे घेऊन आला, अशी तिथली आख्यायिका. तिच्या स्मरणार्थ २३ डिसेंबरला 'स्टारगेझी पाय' भाजतात. त्यात पिल्चर्ड माशांची डोकी झाकणातून बाहेर, आकाशाकडे बघत ठेवलेली. डोक्यातले तेल आत उतरावे म्हणून, असे सांगतात. खाणाऱ्याने नजरेला नजर देऊ नये.

(लाटणे उचलतो.)

आता झाकण. सगळी कसोटी इथेच आहे, आणि ज्याला करंजी उत्तम येते त्याची फजिती आधी होते. करंजीचे मोहन मैद्याला चोळून एकजीव करतात. मूठ वळली की झाले. इथे मूठ वळली की बिघडले. २५० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि १५० ग्रॅम लोणी, तेही फ्रीजमधले, दगडासारखे. त्याचे वाटाण्याएवढे तुकडे मैद्यात तसेच दिसत राहिले पाहिजेत. पाच-सहा चमचे बर्फाच्या पाण्याने गोळा जेमतेम जमवावा. मळू नये. मळले की ग्लुटेन ताणले जाते आणि पारी वातड होते. जन्मभर कणीक तिंबलेल्या हातांचे दोष दोन : ते गरम असतात आणि त्यांना थांबता येत नाही.

(हात आपोआप गोळ्याकडे जातो. दुसऱ्या हाताने तो मागे ओढतो.)

गोळा लाटून तीन पदरी घडी घालावी आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. असे चार वेळा केले की लोण्याचे ८१ थर होतात. फ्रेंच पफ पेस्ट्रीत हे सहा वेळा करतात, थर ७२९. ते मोजण्याची जबाबदारी फ्रेंचांची.

(टाइमर लावतो. हाताची घडी. प्रेक्षकांकडे बघतो. फ्रीज उघडतो. कोणीतरी खोकते. फ्रीज बंद करतो.)

लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते. ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या साधारण १६०० पट जागा लागते. वर मैद्याचा थर, खाली मैद्याचा थर. वाफ दोघांना लांब सारते. मधले लोणी वितळलेले असल्याने ते पुन्हा चिकटत नाहीत. वडिलोपार्जित घरांत भावांचे असेच होते. चिरोट्याच्या साट्यातल्या तुपात पाणी नसते. तिथे पारीतल्या पाण्यावरच भागवावे लागते. लोणी आपले पाणी घेऊन येते.

सारणाचा सॉस सोपा आहे. ५० ग्रॅम लोण्यात ५० ग्रॅम मैदा परतून त्यात अर्धा लिटर द्रव : निम्मे दूध, निम्मा माशाच्या डोक्या-काट्यांचा स्टॉक. दुधातल्या या सॉसला बेशामेल म्हणतात, चौदाव्या लुईच्या दरबारातल्या लुई दे बेशामेय यांच्या नावावरून. त्यांनी तो स्वतः ढवळला असेल असे वाटत नाही. या टप्प्यावर मराठी प्रेक्षागृहात तिसऱ्या रांगेतून 'अगं बाई, दूध आणि मासे!' असा आवाज येतो. आवाजाला आधार आहे. चरकसंहितेत ही जोडी विरुद्ध आहारात मोडते. न्यू इंग्लंडचे लोक दुधातले चाउडर पिढ्यान्‌पिढ्या ओरपत आले आहेत. वाद इथे मिटणारा नाही. गाठी होण्याआधी सॉस मात्र ढवळावा.

आत कांदा, गाजर, मटार, मिरपूड. तिखट नाही, आमसूल नाही, खोबरे नाही.

(क्षणभर मान खाली. श्रद्धांजलीची शांतता.)

आणि शेपू. होय, तोच, ज्याच्या वासाने मराठी घरांत ताटे सरकतात. परदेशात तो माशाबरोबर मानाने बसतो.

खरी अडचण वेळेची. पारीला २०० अंश सेल्सिअसला अर्धा तास लागतो. कोळंबी उकळत्या सॉसमध्ये तीन-चार मिनिटांत शिजते, त्यापुढे रबर. म्हणून सॉस पूर्ण निववावा आणि ७०० ग्रॅम कोळंबी व मासे त्यात कच्चेच मिसळावेत. गरम सॉसवर पारी घातली तर लोणी ओव्हन बघण्याआधीच वितळते आणि पापुद्र्यांऐवजी लगदा होतो. सारण थंड, पारी थंड, ओव्हन तापलेला. तिघांपैकी एकानेच तापायचे.

काठाला मुरड घालावी. करंजीवाल्या हाताला मान मिळतो तो इथे. वर फेटलेले अंडे फासून वाफेसाठी दोन-तीन चिरा द्याव्यात. इंग्रज घरांत चिरेऐवजी चिनीमातीचा पोकळ पक्षी मध्ये उभा करतात आणि त्याच्या चोचीतून वाफ निघते.

(टाइमर वाजतो. वक्ता ओव्हनमधून सोनेरी पाय काढतो. सुरी टेकवताच कुरकुर आवाज. तिसऱ्या रांगेकडे ताट धरतो. ताट रिकामे परत येते.)

दहा मिनिटे निवू द्यावा. आतला सॉस जीभ भाजतो. उरलाच, तर दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच गरम करावा. मायक्रोवेव्हमध्ये त्या ८१ थरांचे चामडे होते.

(अंधार.)