पॉइंटवाले कॅनडाशेठ

वाढदिवसाला लोक केक कापतात, आमच्या कॅनडाशेठचे पॉइंट कापले जातात. वहिनी औक्षणाचं ताट घेऊन उभ्या, पोरं फुगे धरून उभी, आणि हे पाटावर बसून म्हणतात, "गेले पाच." वहिनी म्हणतात, अहो, निदान पेढा तरी खा. शेठ पेढा खातात, पण तेराव्याच्या पंगतीत बसल्यासारखा.

असा एक जण तुमच्याही गावात आहे, मला ठाऊक आहे. कायम 'येत्या मार्चमध्ये' परदेशी निघालेला. घराला रंग द्यायचा नाही, फ्रिज बदलायचा नाही, कारण आता जायचंच आहे. आमच्या कन्नडच्या या गृहस्थांना खऱ्या नावानं आता फक्त बँकेवाले हाक मारतात.

कॅनडानं 2015 च्या जानेवारीत 'एक्स्प्रेस एंट्री' सुरू केली. वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव असे मिळून 1200 पॉइंट. ज्याचे जास्त, त्याला बोलावणं. जोडप्यानं जायचं म्हटलं, तर वयाचे एकोणतिशीपर्यंत पुरे शंभर. पुढं वर्षाला पाच कमी, चाळिशीनंतर वर्षाला दहा आणि पंचेचाळिशीला भोपळा. तेव्हा शेठ नेमके एकोणतीस वर्षांचे, लग्न नवं, पतसंस्थेत हिशेबनीस. "वयाचे पैकीच्या पैकी होते हो माझे!" हे ते अजून सांगतात. मग तेव्हाच का नाही गेलात, असं विचारू नये. जन्मदाखल्यावर एक नाव, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं आणि पासपोर्टवर दोन्हींची खिचडी. ती निस्तरण्यात पंधरा पॉइंट गेले.

तेव्हापासून त्यांना माणसं दिसतच नाहीत, पॉइंट दिसतात. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर पोहे यायच्या आधी यांचा प्रश्न: "मुलीचं इंग्रजी कसं आहे? बायकोच्या इंग्रजीला वीस असतात." मुलीच्या वडिलांना वाटलं, हुंडा मागतायत. लग्न मोडता मोडता राहिलं. पिशोरला त्यांच्या मेहुण्याचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे, बरं चाललंय. तिकडं नवऱ्याचं किंवा बायकोचं सख्खं भावंड स्थायिक असेल, तर पंधरा पॉइंट मिळतात, हे समजल्यापासून शेठ त्याच्या मागं लागलेत. "तू आधी जा. नंतर वाटलं तर परत ये." दिवाळीला बहिणीकडं यायचं तो आता टाळतो.

वहिनींनी आयईएलटीएस दिली. तीत एक कार्ड हातात देतात, मिनिटभर विचार करायचा आणि दोन मिनिटं बोलायचं. सरावासाठी 'आवडलेला प्रवास' हा विषय मिळाला, तर वहिनी भाकरी थापता थापता पिशोरच्या एसटीवर इंग्रजीत बोलल्या. खिडकीपासून कंडक्टरपर्यंत काही सोडलं नाही. गुण बरे पडले. पण निकालाची मुदत दोनच वर्षं. ती संपली आणि वहिनींचं इंग्रजी सरकारदरबारी पुसलं गेलं. परत फी, परत एसटी.

मग फ्रेंच आलं. फ्रेंच चांगलं असेल, तर वरचे पन्नासपर्यंत पॉइंट मिळतात. बोलावण्याच्या सर्वसाधारण फेरीत 2024 साली पाचशेच्या वर पॉइंट लागत होते, त्यामुळं शेठ पन्नासावर तुटून पडले. सकाळी दूधवाल्याला 'बोंजूर'. दूधवाला म्हणाला, "भाऊ, मागची बाकी?"

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर पोरांसाठी. तिकडं मोकळी हवा, जंगलं, बापाला पोरांसाठी वेळ. इकडं रविवारी बाप फ्रेंचच्या ऑनलाइन क्लासला. दाराशी गौताळ्याचं अभयारण्य आहे, तालुक्यातच दोन हजार वर्षांपूर्वीची पितळखोऱ्याची लेणी आहेत. पोरांनी नायगारा फोनवर पाठ केलाय, पितळखोरं पाहिलेलं नाही. "जायच्या आधी एकदा बघून टाकू," शेठ म्हणतात.

चाळीसगावचा घाट हा त्यांचा हुकमी एक्का. दरड कोसळली, वाहनांची रांग लागली, की यांचा चेहरा खुलतो: "बघा! म्हणून म्हणतो." 2023 मध्ये हायकोर्टानं घाटात अवजड वाहनांना बंदी केली, त्या दिवशी त्यांनी चहा पाजला. घाटाला बोगदा होणार होणार, हे आम्ही किती वर्षं ऐकतोय, ते विचारू नका. शेठ आधी जातात की बोगदा आधी होतो, यावर बसस्टँडवरच्या टपरीवर पैज आहे. तूर्त दोघंही सारखेच पुढं आहेत.

नाइलाजानं एक गोष्ट मात्र नोंदवावी लागते. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर हवेत म्हणाले. आसपासच्या गावांतली पोरं-पोरी फाइल घेऊन आली, ती शेठच्या ओट्यावर. त्यांनी एकाही पोराकडून पैसा घेतला नाही. नावातला काना-मात्रा तपासला, ॲफिडेव्हिट करून दिली, संभाजीनगरला स्वतःच्या गाडीवर नेलं. जर्मनीच्या नव्या संधी-कार्डाला सहाच पॉइंट पुरतात, हे कळल्यावर मात्र ते दुखावले. "सहा? सहा पॉइंटांत कुणी देश देतं का?" शेजारच्या वाडीतली एक नर्स त्यांनी भरलेल्या फॉर्मवर गेलीसुद्धा. तिचा फोटो पतसंस्थेत त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे.

बापू, म्हणजे शेठचे वडील, अद्रकीच्या वावरातून आल्यावर ओट्यावर बसून हे सगळं ऐकतात. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आरं, माझे किती?"

कॅनडाच्या पॉइंटांच्या तक्त्यात बायकोचा रकाना आहे, भावंडांचा आहे. आई-बापाचा नाही. त्यांना नेण्याची सोय वेगळी, तीही सोडतीनं. 2020 नंतर तिच्यासाठी नवी नावं घेणंच बंद झालं. हे शेठला तोंडपाठ आहे. ते म्हणाले, "बापू, गोळी घेतली का?"

मी शेठना ओळखतो, म्हणून सांगतो: मार्च दर वर्षी पुढं जातो, तो कागदांमुळं नाही. टपरीवर हे कुणाला बोलू नका, पैज मोडेल.

यंदा त्यांना चाळीस पूर्ण झाली, म्हणजे येत्या वाढदिवसाला दहा जाणार. तुमच्या घरातलं कुणी बाहेर निघालं असेल, तर पतसंस्था सुटल्यावर फाइल घेऊन खुशाल जा. फक्त जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर नाव एकच आहे ना, ते आधी बघून घ्या. नाहीतर बापूंच्या देखत ओरडतात.