पिवळी वही आणि खडूस बाई

अहो, ऐकलंत का? या की अशा जरा कुंपणाजवळ, समोरच्यांची खिडकी उघडी आहे म्हणून म्हटलं. ते कॉलेजातलं 'मनी अँड बँकिंग'चं प्रकरण हो! सगळ्या गोडोलीत झालंय, तुमच्या कानावर आलंच असणार. पण आमची भाची त्याच वर्गात, बी.ए. तीनला, तेही पहिल्या बाकावर. म्हणजे माझ्याकडची बातमी एकदम फर्स्ट हँड.

तर पेपर एक आणि शिकवणारे दोन. निम्मा सरांकडे, निम्मा त्या नव्या बाईंकडे. सर तुम्हाला माहीतच आहेत. आता रिटायरमेंटला आले, मुलांचे लाडके. प्रश्न आधी सांगतात, हजेरी नावापुरती. आणि त्यांची ती पिवळी वही! पोरं म्हणतात, सर नाही आले तरी चालेल, वही आली पाहिजे. पानं अशी झालीत की उलटताना कोपरे हातात येतात. त्या वहीत सीआरआर 15 टक्के. एसएलआर साडेअडतीस. अहो, ते 1991 च्या सुमाराचे आकडे! म्हणजे बँकेनं शंभर रुपयांची ठेव घ्यायची आणि त्यातले निम्म्याहून जास्त सीआरआर म्हणून रिझर्व्ह बँकेकडे नि एसएलआर म्हणून सरकारी रोख्यांत अडकवायचे, तो जमाना. आता सीआरआर 2025 मध्ये उतरत उतरत 3 वर आला, एसएलआर 18. पण वहीला कोण सांगणार?

आमच्या भाचीनं सांगितलं ना! अहो, भर वर्गात. सर फळ्यावर तो पैशाचा गुणक करत होते. शंभर रुपये बँकेत आले, पंधरा बाजूला काढले, पंच्याऐंशी कर्जाला दिले, ते परत दुसऱ्या बँकेत ठेव म्हणून आले, असं होत होत शंभराचे सहाशे सदुसष्ट होतात. ही उभी राहिली. म्हणाली, "सर, आता 3 टक्के आहे. मग शंभराचे तीन हजार तीनशे तेहतीस व्हायला हवेत. तेवढे होतात का?" वर्ग गप्प. सरांचा हात खडूसकट हवेत तसाच. मग म्हणाले, "बेटा, परीक्षेत 15 च लिहा." मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसलं आणि सरांचा चेहरा... ही म्हणते, मावशी, मला उगाच विचारलं असं झालं.

पण हां, माणूस वाईट नाही. वही मिटली की सर वेगळेच. 1992 च्या रोखे घोटाळ्याचं सांगायला लागले की घंटा झालेली कळत नाही म्हणे. तो हर्षद मेहता, आणि त्यात आपल्या शेजारची बँक ऑफ कराड! बँक रिसीट म्हणजे काय, तर 'रोखे माझ्याकडे आहेत, देतो' अशी एका बँकेनं दुसरीला दिलेली पावती. आणि रोखे नव्हतेच! नुसत्या पावत्या, आणि त्या पावत्यांवर मोठमोठ्या बँकांनी पैसे सोडलेले. सर हे सांगताना टेबलावर कोरा कागद ठेवतात आणि म्हणतात, "हा घ्या, द्या कोटभर." हे वहीत नाही. त्यामुळे परीक्षेतही येत नाही. सगळी गंमत वाया, नाही का?

तर काय सांगत होते... हां, बाई! बाईंना मुलं खडूस म्हणायची. प्रश्न सांगत नाहीत, नोट्स देत नाहीत, उशिरा आलेल्याला दारातच प्रश्न विचारतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, खिशातली नोट काढा आणि वाचा. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. नोट कोण वाचतं हो? आपण मोजतो. मग एकेक वाचायला लागलं, दहाच्या नोटेवर, शंभराच्या नोटेवर गव्हर्नरांचं वचन, गव्हर्नरांची सही. बाईंनी पर्समधून एक रुपयाची नोट काढली. म्हणाल्या, यावर वचन शोधा. नाहीच! सहीसुद्धा गव्हर्नरांची नाही, अर्थसचिवांची. कारण रुपयाची नोट सरकारची, बाकीच्या रिझर्व्ह बँकेच्या. हे ऐकून मी देवघरातली, लग्नाच्या आहेरातली ठेवलेली नोट बघितली. खरंच हो! इतकी वर्षं हळदकुंकू लावत होते, वाचली कधी नव्हती.

आणि त्या तेहतीसशे तेहतीसचं उत्तरही बाईंनीच दिलं. कुणी काही न सांगता! बहुतेक स्टाफरूममध्ये पोचलं असणार, भिंतीला कान असतात. सरांचं नाव न घेता म्हणाल्या, "तो हिशेब पुस्तकात बरोबर आहे. पण तुमच्या आईच्या डाळीच्या डब्यातले पैसे बँकेत येतात का?" सगळी हसली. डब्यात राहिलेला पैसा साखळीतून गळला. शिवाय बँका काही हातातला सगळा पैसा कर्जाला देत नाहीत, घेणाराही चांगला लागतो. मग म्हणाल्या, 8 नोव्हेंबर 2016 ला काय झालं आठवा. चलनातले 86 टक्के पैसे एका रात्रीत रद्द, आणि घराघरातले डबे उघडे पडले. अहो, आपल्या गल्लीत काय झालं ते तर तुम्ही पाहिलंच आहे. कोपऱ्यावरच्या काकूंनी साडीच्या घड्यांतून काढलेली गड्डी बघून काकांचा चेहरा असा पडला होता, की बिचारे दोन दिवस चहाला 'नको' म्हणाले. बायकोजवळ इतके पैसे आहेत हे दुःख, की आपल्याला माहीत नव्हतं हे दुःख, देव जाणे.

बरं, एका तासाला बाईंनी आपल्या खालच्या आळीतल्या काकांना बोलावलं होतं. युनायटेड वेस्टर्नवाले हो. 1936 ची बँक, साताऱ्याची, आपली! एकेका घरातले दोन-दोन जण तिथे नोकरीला असायचे, मुलीला स्थळ बघताना 'मुलगा युनायटेड वेस्टर्नमध्ये' म्हटलं की पुढचं कोणी विचारायचं नाही. 2006 चा सप्टेंबर, ऐन गणपतीचे दिवस आणि मोरॅटोरियम लागला, म्हणजे बँकेच्या व्यवहारांवर बंधनं. ऑक्टोबरात आयडीबीआयमध्ये विलीन. पुस्तकात एका ओळीचं काम. काका म्हणे तासभर बोलले आणि शेवटी बोर्डावरचं नाव बदलतानाचं सांगताना थांबले, खिशातून रुमाल काढला नि चष्माच पुसत बसले. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइल खाली ठेवून बसली होती.

पण खरी धमाल पुढेच आहे. बाईंनी प्रोजेक्ट काय दिला माहितेय? भिशी! घरोघर जा आणि भिशीचा हिशेब आणा. झालं, आमची भाची वही घेऊन आपल्याच भिशीला हजर. बारा जणी, महिन्याला 2,000, म्हणजे 24,000 ची उचल. ही विचारते, "पहिली चिठ्ठी कोणाची निघाली?" आहे एक आमच्यातली, तिची. "मागच्या वर्षी?" तिचीच. "त्याच्या मागच्या वर्षी?" ... अहो, खोलीत नुसता पंख्याचा आवाज. पोहे तसेच राहिले बशीत. "आणि चिठ्ठ्या कोण घालतं, काकू?" तेव्हा कळलं आम्हाला, खरं तर कळलंच होतं, पण बोलणार कोण? मी नाव नाही घेत. तुम्हाला कळलं ना? झालं तर.

भाची सांगते, पहिला नंबर घेणारी म्हणजे बिनव्याजी कर्ज घेणारी, आणि शेवटचा नंबर घेणारी म्हणजे बिनव्याजी ठेव ठेवणारी. आणि मी दर वर्षी शेवटची! बँकेत टाकले असते तर निदान व्याज आलं असतं, आणि 5 लाखांपर्यंत विमासुद्धा. भिशीला कसला विमा? चहा नि पोहे!

आणि मागच्या गल्लीत लिलावाची भिशी आहे ना, तिथलं तर विचारूच नका. दुसऱ्याच महिन्यात एकीनं 24,000 ची उचल 20,000 ला घेतली. चार हजार सोडले! बाईंनी वर्गात, नाव न सांगता बरं का, फळ्यावर त्याचं व्याज काढलं. सोनं तारण ठेवून बँकेतून घेतले असते तर कितीतरी स्वस्त पडले असते, असं निघालं. आता एवढी काय निकड होती बाई? नवऱ्याला माहीत नाही म्हणतात. मुलाची फी म्हणतात. कोणी म्हणतं शेअर... जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय.

तर काय सांगत होते... हां, हे ऐका, हे कोणाला माहीत नाही. बाई परमनंट नाहीतच! सीएचबीवर आहेत, तासाचे पैसे. सुट्टी लागली की पैसे बंद, आणि शिकवलेल्या तासांचे पैसे यायलाही महिनोन्‌महिने. दिवाळीचं बिल होळीला! भाचीला कसं कळलं, तर ती प्रोजेक्ट द्यायला स्टाफरूममध्ये गेली तेव्हा बाई फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "अजून जमा झाले नाहीत, पुढच्या आठवड्यात देते." हिला बघितल्यावर फोन ठेवला आणि तिच्या प्रोजेक्टमध्ये बेरजेची चूक काढली. त्याच तोंडानं! आणि तिकडे पिवळ्या वहीचा पगार एक तारखेला खात्यात.

म्हणून मी काल भिशीत सुचवलं, बाईंना घेऊ या आपल्यात, आणि या वर्षी पहिला नंबर चिठ्ठी न काढता त्यांना. सगळ्या हो म्हणाल्या. नेहमी पहिली असणारी तेवढी गप्प होती. मग हळूच म्हणते, "पण त्यांची नोकरी पक्की नाही, मध्येच कॉलेज सोडून गेल्या तर हप्ते कोण भरणार? जामीन कोण?" बघा! तीन वर्षं बिनव्याजी उचलून आता हिला जामीन आठवतोय. मी म्हटलं, मी राहते जामीन. आता आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही, तेवढं तुमच्याजवळच ठेवा हं...