बाई, काच खाली!

(रंगमंचावर टेबल. टेबलावर लाल रंगाचं छोटं वेल्डिंग मशीन, गुंडाळलेल्या केबल, पत्र्याचा डबा, काही लोखंडी पट्ट्या. बाई येतात. वय साठीच्या पुढं. अंगात नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जीन्स, वर चामड्याचा एप्रन, पायात जाड बूट. डोक्यावर वेल्डिंगचं हेल्मेट, काच तोंडावर ओढलेली. चाचपडत येतात आणि टेबलाला धडकतात.)

कोण आहे? प्रेक्षक आहेत का? असाल तर खोका.

(काच वर करतात.)

आहेत की! मला वाटलं, प्रयोग रद्द झाला. ही अकरा नंबरची काच आहे हो. समोर खुद्द सूर्य येऊन उभा राहिला तरच हिला पटतं की समोर कुणीतरी आहे.

नमस्कार. मी बाई. नावाची गरज नाही. कोल्हापुरात आमच्या शाळेतून जे जे बाहेर पडले, त्यांना बाई म्हटलं की पाठ ताठ होते. भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा जो तो विचारायला लागला, आता काय करणार? कुणी भजनी मंडळ सुचवलं, कुणी योगासनं. एकीनं तर केकचा क्लास सुचवला. मी वेल्डिंग घेतलं.

हां, हसून घ्या. आमचे हे पण हसले होते. मग बिल बघितलं आणि हसायचे थांबले.

झालं काय, आमच्या फाटकाची वरची बिजागरी तुटली. गल्लीच्या कोपऱ्यावर दिन्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. दिन्या माझा विद्यार्थी. नववीच्या सहामाहीत यानं कर्कवृत्त श्रीलंकेतून नेलं होतं. म्हटलं, दिन्या, बिजागरी. म्हणाला, "उद्या येतो, बाई." हे पाडव्याला. मग पाऊस आला, गणपती आले, फाटक सुतळीनं बांधलेलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत मी आपली भक्तिभावानं ओरडतेय, पुढच्या वर्षी लवकर या! आणि पलीकडून हा हात वर करून ओरडतोय, "उद्या येतो, बाई, उद्या!"

शेवटी मी त्याच्या दुकानातच जाऊन बसले. म्हटलं, उद्या उजाडेपर्यंत उठत नाही. तिथल्या पोरानं दोन नळ्या टेकवल्या, "आजी, तिकडं बघा" म्हणाला, चर्रर्र आवाज झाला, भिंतीवर निळा उजेड नाचला, आणि मी वळून बघते तर दोन नळ्यांची एक झालेली! मला चष्मा पुसायला लागतो तेवढ्या वेळात. अहो, पोलाद वितळतं दीड हजार अंशांच्या आसपास. ज्वालामुखीतून लाव्हा बाहेर पडतो तो सातशे ते बाराशे अंशांचा. जन्मभर मी फळ्यावर रंगीत खडूनं ज्वालामुखी काढत बसले, आणि त्याहून गरम प्रकरण हा दिन्या गल्लीत रोज दुपारी जेवण झाल्यावर करतोय. भूगोलात पस्तीस मार्क!

म्हटलं, दिन्या, मला शिकव.

दिन्याचा चेहरा पडला. "बाई, आत्ता येऊन बिजागरी लावतो की. असं टोकाला कशाला जाताय?"

(टेबलाकडे जाऊन मशीनवरून हात फिरवतात.)

आता शहाणा माणूस आधी शिकतो, मग सामान घेतो. पण शहाणा माणूस या वयात वेल्डिंगकडं वळेल कशाला? मी आधी सामान घेतलं. शिवाजी उद्यमनगरात गेले. कोल्हापूरची निम्मी इंजिनं आणि पंप जिथं जन्माला आले, तिथं एका बिजागरीसाठी मी. दुकानदार माझ्या मागं दाराकडं बघतोय. "साहेब येतायत का?"

म्हटलं, साहेब घरी मेथी निवडतायत. मशीन दाखवा.

त्यानं आधी जुनं तेलातलं मशीन दाखवलं. दोन माणसांना हलेना. मग हे इन्व्हर्टरचं. पाचेक किलो, वर खांद्याला अडकवायचा पट्टा. मी पट्टा अडकवला, आरशात बघितलं. सांगू? लग्नाकार्याला घेऊन जाण्यात काही हरकत नव्हती.

हे २०० अँपिअरचं. विचारलं, याहून मोठं? २५०चं काढलं. याहून मोठं? तेव्हा दुकानदार म्हणाला, "बाई, जहाज बांधायचंय का?" मी दिन्याला फोन लावला. दिन्या म्हणाला, "बाई, फाटकाला बारा नंबरचा रॉड लागणार, अडीच एमएमचा. त्याला सत्तर-ऐंशी अँपिअर म्हंजे डोक्यावरनं पाणी. दोनशेचं घ्या आणि गप घरला या. मोठं लावलासा तर घरातला एमसीबी तुमच्याआधी मान टाकंल."

घेतलं दोनशेचं. खोक्यावर काय छापलं होतं माहीत आहे? ड्यूटी सायकल ६० टक्के. म्हणजे पूर्ण करंट ओढला तर दहा मिनिटांतली सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. मशीन स्वतः सांगतं, उघड उघड! मी घरी येऊन यांना वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, यंत्रसुद्धा दहातली सहा मिनिटं राबतं. यांनी विचारलं, "आणि करंट कमी ठेवला तर?" म्हटलं, मग विश्रांती लागत नाही, चालूच राहतं. हे म्हणाले, "मी पहिल्यापासून कमी करंटवरच आहे."

मग हेल्मेट. हे नव्हे, हे दिन्याचं. माझं ऑटोवालं आहे. ठिणगी पडली की काच आपोआप काळी होते. किती वेळात? सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागात! पापणी लवायच्या कितीतरी आधी. दिन्यानं बघितलं, म्हणाला, "बाई, जरा घालून बघू?" आणि घेऊन गेला. (प्रेक्षकांकडे बघून) उद्या देतो म्हणालाय.

हातमोजे, एप्रन, स्लॅग म्हणजे जोडावरची काळी खपली, ती फोडायची हातोडी, तारेचा ब्रश, ग्राइंडर, काटकोन धरायचं मॅग्नेट. हे बँकेतून निवृत्त झालेत. यांनी वहीत दोन बाजू आखल्या. डावीकडं हे सगळं लिहिलं, पान पुरलं नाही. उजवीकडं एकच ओळ. "बिजागरी दुरुस्ती, दिन्याचा दर, रुपये तीनशे." खाली दोनदा रेघ.

मग म्हणाले, "हे काय बायकांचं काम आहे?" चुकले! म्हटलं, दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियात रिचमंडच्या गोदीत हजारो बायका होत्या. ज्यांनी आधी गोदी बघितलीसुद्धा नव्हती, त्या जहाजं वेल्ड करत होत्या. गप्प बसले. दोन दिवस काहीतरी वाचत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "१६ जानेवारी १९४३. स्कनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज. धक्क्याला बांधलेलं, पाणी शांत, वादळ नाही, काही नाही. मोठा आवाज झाला आणि मधोमध मोडलं. वेल्ड केलेलं होतं. भाजी वाढ."

म्हटलं, ते रिचमंडचं नव्हे, ओरेगनमधल्या पोर्टलंडचं. आणि थंडीत ठिसूळ होणारं पोलाद वापरलं, त्याचं काय? आणि भाजी संपली.

(पट्टी आणि होल्डर हातात घेतात.)

पहिला दिवस. मी छान सुती साडी नेसून गेले. दिन्या म्हणाला, "साडी चालणार न्हाई, बाई. पदर कुठं जाईल पत्ता लागत न्हाई. आणि नायलॉनबियलॉन तर अजिबात नगं, ठिणगी पडली की वितळून कातड्याला चिकटतंय." दुसऱ्या दिवशी मुलाची जीन्स घालून गेले. लांब होत होती, म्हणून खाली दोन घड्या घातल्या. दिन्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं. "घड्या उलगडा. ठिणग्या तिथंच जाऊन बसत्यात." अहो, ज्या पोराला मी शर्ट खोचला नाही म्हणून वर्गाबाहेर काढत होते, तो माझा गणवेश तपासतोय! आणि चेहऱ्यावर काय समाधान!

मग म्हणाला, अर्थिंगचा चिमटा लावा. लावला. रॉड टेकवला. काही नाही. पुन्हा टेकवला. काही नाही. म्हटलं, दिन्या, मशीन खराब. म्हणाला, "बाई, रंगावर लावलाय चिमटा. खरवडा आधी. करंट यायला वाट नगं?" सर्किट पूर्ण व्हावं लागतं, हे मी जाणते हो. विज्ञानाच्या बाई रजेवर असताना त्यांचा तास मी घेतलाय.

खरवडलं. "बाई, काच खाली!" काच खाली. आणि अंधार. कुठं पट्टी, कुठं रॉड, कुठं दिन्या, काही कळेना. अंदाजानं टेकवला. चर्र! आणि रॉड चिकटला. मी ओढतेय, तो सोडेना. पट्टी उचलली गेली, पट्टीबरोबर चिमटा, चिमट्याबरोबर केबल. रॉड लाल व्हायला लागला. दिन्या ओरडतोय, "पिळा, बाई, पिळा! होल्डर पिळा!" मी त्याचा कान पिळला. जुनी सवय.

"टोक ओढायचं आणि उचलायचं, बाई. रॉडच्या जाडीएवढी फट. दाबायचं न्हाई. मारायचं तर अजिबात न्हाई." कुणाला सांगतोय बघा, मारायचं नाही म्हणून.

शेवटी एक अख्खी ओळ ओढली. काच वर केली, स्लॅग फोडला, ब्रश मारला, अभिमानानं पुढं धरलं. दिन्यानं पट्टी उजेडात नेली. म्हणाला, "बाई, हे वेल्डिंग न्हवं. ही पारव्याची..." पुढचा शब्द त्यानं गिळला. संस्कार आमच्या शाळेचे! मग म्हणाला, "पुन्हा काढा." किती वेळा? "पट्टी भरेपर्यंत." हे वाक्य ओळखीचं वाटलं. वहीचं होतं, आणि माझं होतं.

पण एक सांगते. (आवाज खाली आणतात.) बरेच दिवस मी नुसतं बघत होते. दिन्या म्हणाला, "बघून व्हणार न्हाई, ऐका." मी ऐकायला लागले. रॉड लांब गेला की आवाज फुटतो, फट फट फट, आणि ठिणग्या चहूकडं. जवळ आला की घुसमटतो. आणि मधेच एक जागा येते, तिथं चर्रर्र असा एकसुरी आवाज. तो धरून ठेवायचा. काचेतून उजेडाच्या मागं वितळलेल्या लोखंडाचं एवढंसं तळं दिसतं, कडा हलणारी. ते तळं आपल्याबरोबर न्यायचं. एके दिवशी ती ओळ जमली. मी हातोडी उचलायच्या आधीच तिच्यावरचा स्लॅग गार होता होता टिक टिक वाजायला लागला आणि एका टोकाकडून आपला आपण सुटला. अख्खी काळी पट्टी सोलून बाजूला. खाली चकचकीत लोखंड, बारीक बारीक सारख्या लाटा. दिन्या काही बोलला नाही. पोराला म्हणाला, "बाईंना चहा सांग. अर्धा न्हाई, फुल."

(पुन्हा आवाज चढवतात.)

त्याच संध्याकाळी शर्टाचं वरचं बटण उघडं राहिल्याचं कळलं. गळ्याखाली लालभडक त्रिकोण! आर्कच्या उजेडानं कातडी भाजते. पार्लरवाली म्हणते, "बाई, गोव्याला जाऊन आलात?" म्हटलं, हो, कोपऱ्यावरच्या.

आणि दिन्याच्या दुकानातली पोरं? हातात ढाल असताना नुसते डोळे मिटून टाका मारतात! विचारलं तर म्हणे, "एका टाक्यानं काय हुतंय?" रात्री कळतं काय होतंय. तेव्हा डोळे खुपतात, घळाघळा गळतात, आणि ही पोरं डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवून झोपतात. मी सगळ्यांना ओळीत उभं केलं. म्हटलं, बटाटा भाजीत घालायचा आणि डोळे डॉक्टरला दाखवायचे. उद्यापासून जो काचेशिवाय दिसेल, त्याला जगाचा नकाशा नद्यांसकट काढायला लावीन. आता पोरं काचेशिवाय पानसुद्धा खात नाहीत.

रॉड सांभाळणं आणखी वेगळं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. रॉडवरचं आवरण ओल धरतं, मग नीट चालत नाही. ऊन पडलं की गच्चीवर एका चादरीवर कुरडया, शेजारी रॉड. ओळीनं. हे कुरडया राखायला बसतात, एक डोळा कावळ्यांवर, एक रॉडवर. म्हटलं, कावळा रॉड नेत नाही हो. हे म्हणाले, "नेला तर बरं. वहीत जमा बाजूला काहीतरी येईल."

फाटक? झालं की फाटक! मीच केलं. बिजागरी अशी बसवलीय, फाटक गंजून जाईल, बिजागरी राहील. आता फाटक लागत नाही, तो विषय वेगळा. मी एका बाजूनं एकदम सगळं ओढून टाकलं. लोखंड गार होताना आकसतं आणि चौकट आपल्या बाजूला ओढून घेतं. दिन्या म्हणाला, "आधी चार टाके मारायचं असतंय, बाई. मग या टोकाला जरा, त्या टोकाला जरा." मी म्हटलं, चौकट बरोबर आहे, कडीच पहिल्यापासून दोन बोटं वर होती. हे म्हणाले, "सुतळी टाकून देऊ नकोस."

शेजारच्या काकू कपडे वाळत घालायचा स्टँड घेऊन आल्या. मी लगेच काच खाली! तेवढ्यात दिन्या धावत आला. "बाई, जीआयचा पाइप हाय! वरचा जस्त जळून पांढरा धूर येतोय, रात्री हुडहुडी भरंल." खरं आहे, वेल्डरांना तो ताप ठाऊक असतो. तो चढला की पोरं गूळ खातात, दूध पितात. आणि आमच्या डॉक्टरना वाटलं असतं, बाईंना या वयात मलेरिया. जस्त घासून काढलं, वाऱ्याला उभी राहिले, मग जोडला. काकूंचा स्टँड आता उभा राहतो. थोडा दिन्याच्या दुकानाकडं झुकतो.

(बोलता बोलता मंचावरून खाली उतरतात. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीपाशी वाकतात.)

साहेब, जरा पाय बाजूला घ्या. हा जोड कुणी मारलाय? बघा, बघा! स्लॅगसुद्धा काढला नाही, वरून रंग फासलाय. आत पोकळ असणार. हलते का खुर्ची? हलवून बघा. नको, नको, हलवू नका! उठा. सावकाश. वहिनी, तुम्ही पण उठा, दोन्ही खुर्च्या एकाच पट्टीवर आहेत.

(हातमोजे चढवत.)

मॅनेजर! ओ मॅनेजर! सोळा अँपिअरचा पॉइंट कुठं आहे? विंगेत? पुरेल केबल. मागच्या रांगांनी ओढण्या आणि नायलॉनच्या साड्या सांभाळा. आणि कुणीतरी दिन्याला फोन लावा हो. मदतीला नकोय मला. माझं हेल्मेट आण म्हणावं!