लेक दादरला आणि आई बार्शीला

दादरला राहणाऱ्या माणसाला गावाकडून दोन कामांसाठी फोन येतात. एक, मुलाला रुईयाला नाहीतर रुपारेलला प्रवेश मिळेल का. दुसरा, रिपोर्टमध्ये 'तसलं काहीतरी' निघालंय, परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला तुमची कुणाची ओळख आहे का. दुसऱ्या फोनला बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. टाटाला ओळख लागत नाही, फाइल लागते, हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता पाठच झालंय.

पण या वेळी फोन नव्हता. हिंदू कॉलनीत आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगच्या मधे खांद्याएवढी भिंत आहे. तिच्यापलीकडून शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "काकू, आईचा रिपोर्ट आला. पिशवीच्या तोंडाचा निघाला."

"कितवी स्टेज?"

"आजूबाजूला पसरलाय थोडा. ऑपरेशन नाही, लाइट आणि केमो म्हणतायत."

वहिनींचं माहेर वैरागच्या पुढे, बार्शी तालुक्यात. आई तिथे एकटी, म्हणजे चुलत दिराच्या कुटुंबाला लागून. भाऊ पुण्याला, बहीण ठाण्याला. रिपोर्ट येऊन आठवडा झाला नव्हता, तोवर तिघांची तीन हॉस्पिटलं ठरली होती. भावाने पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलचं पॅकेज काढून ग्रुपवर टाकलेलं. ठाणेकरीण म्हणते, टाटा म्हणजे टाटा, त्यात विचार कसला करायचा? आणि वहिनी मधल्यामधे.

"काकू, मी टाटापासून टॅक्सीने पंधरा मिनिटांवर. गावातले डॉक्टर म्हणतायत बार्शीला होईल सगळं. पण लेक दादरला असून आईला बार्शीत ठेवलं, असं लोक म्हणतील."

"लोक तुझ्या आईला रोज हॉस्पिटलला घेऊन जाणारेत का?"

त्या गप्प बसल्या. मग मी जरा आवाज खाली आणला, कारण वरच्या मजल्यावरची खिडकी उघडी होती आणि तिथे कान फार.

आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय, म्हणून मला थोडं कळतं. या आजाराला, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला, बाहेरून लाइट, म्हणजे रेडिएशन, देतात ती साधारण पंचवीस दिवस, सोमवार ते शुक्रवार. मधे आठवड्यातून एकदा केमो. मग आतून लाइट, त्याला ब्रॅकी म्हणतात. आणि सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपायला हवं. मधे खंड पडला, चार दिवस ताप आला म्हणून, पाऊस पडला म्हणून, सोबतीला कुणी नाही म्हणून, तर उपचाराचा गुण कमी होतो. हे डॉक्टर पहिल्याच दिवशी सांगतात, पण नातेवाइकांचं लक्ष तेव्हा हॉस्पिटलच्या नावाकडे असतं.

"म्हणजे काकू?"

"म्हणजे जिथे तिचा एकही दिवस चुकणार नाही, ते हॉस्पिटल चांगलं. तुझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पोटाला लाइट दिली की जुलाब होतात, अंगातलं त्राण जातं. घरात संडास एक, माणसं चार, त्यात धाकट्याचं बारावीचं वर्ष. वर जुलैत वाटेत हिंदमाताला पाणी तुंबलं की परळ काय, अमेरिका काय."

वहिनींना हे लागलं असावं. "माझ्या घरी आईला जागा नाही असं म्हणताय का तुम्ही?"

"जागा आहे गं. जिने कमी कर म्हणतेय."

इतक्यात आमचे हे पेपर घेऊन बाहेर आले. रेल्वेत होते, निवृत्त होऊन काळ लोटला तरी इतिहास आणि वेळापत्रक तोंडपाठ. टाटा हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 ला उघडलं, लेडी मेहेरबाई टाटा कॅन्सरने गेल्या आणि दोराबजींच्या ट्रस्टने ते उभारलं, 1962 पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे, असं सगळं त्यांनी भिंतीवरून सांगून टाकलं. "सरकारी म्हणून स्वस्त, स्वस्त आणि चांगलं म्हणून देशभरची गर्दी," हा त्यांचा निष्कर्ष. तो मात्र बरोबर आहे. आसामपासून बिहारपर्यंतची माणसं त्या फुटपाथवर पथारी टाकतात. दादरलाच गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. म्हाडाने 2021 मध्ये टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी लालबागकडच्या इमारतींत शंभर घरं द्यायची ठरवली, तर तिथल्या रहिवाशांनी नको म्हणून ओरड केली. मुख्यमंत्र्यांनी ते थांबवलं आणि मग भोईवाड्याला बॉम्बे डाइंगच्या आवारात जागा द्यायचं ठरलं. आपल्याच परळ-लालबागची ही गोष्ट. गणपतीला लाखो परके येतात ते चालतात.

"पण काकू, बार्शी म्हणजे... तिथे मशीन तरी धड असेल का?"

इथे मी जरा चिडले. बार्शीला नर्गिस दत्तच्या नावाने कॅन्सर हॉस्पिटल आहे आणि त्याचं टाटाशी जुनं नातं आहे. बघा, नर्गिस स्वतः उपचाराला न्यूयॉर्कला स्लोन केटरिंगला गेली, 1981 च्या मे महिन्यात इथे मुंबईत वारली, आणि तिच्या नावाचं हॉस्पिटल उभं राहिलं ज्वारीच्या मुलखात. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी 1987 साली बार्शीत सुरू झाली. आणि नेमका हाच आजार, पिशवीच्या तोंडाचा, तिथल्या डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातला. टाटा आणि बार्शीच्या लोकांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1 लाख 31 हजारांवर बायकांचा अभ्यास केला. एकदा एचपीव्हीची, म्हणजे हा आजार करणाऱ्या विषाणूची, तपासणी केली की पुढे या आजाराने होणारे मृत्यू निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसलं. 2009 साली ते छापून आलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं.

"अगंबाई! मावशी सांगायची, गावात बाया तपासायला गाडी यायची म्हणून. ती धाराशिवकडची."

"मग? तुझी आई त्या गाडीच्या वाटेवर नव्हती, एवढंच."

टाटा नको असं मी म्हणत नव्हते, हे सांगायला हवं. उलट पहिल्यांदा तिथेच जावं. फाइल काढायची, जनरल की प्रायव्हेट ते ठरवायचं, स्मार्ट कार्डात पैसे भरायचे. बार्शीहून बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड घेऊन यायच्या, म्हणजे तिथले पॅथॉलॉजीवाले त्या पुन्हा तपासतात. शंका असेल तिथे सर्जन, लाइटवाले आणि केमोवाले डॉक्टर एकत्र बसून एक मत देतात. हे एक मत मोठ्या ठिकाणाहून घ्यावं. तीनशेहून जास्त हॉस्पिटलं आता नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आहेत, उपचाराची पद्धत सगळीकडे एकच असावी म्हणून टाटानेच पुढाकार घेऊन 2012 मध्ये ते जाळं बांधलं. कागद पक्का झाला की रोजची लाइट घराजवळ घेता येते का, एवढंच डॉक्टरांना सरळ विचारायचं. ते रागावत नाहीत. त्यांनाही परळची रांग कमी व्हायला हवीच आहे.

"आणि भावाचं पॅकेज?"

"त्याला विचार, पॅकेजमध्ये ब्रॅकी धरलीय का, आणि रोज सकाळी आईला कोण नेणार. दोन्हीची उत्तरं मिळाली तर पुणंही वाईट नाही." मिळणार नव्हती, हे आम्हा दोघींना माहीत होतं. नवराबायको दोघं हिंजवडीला जातात.

"आईला विचारलंस का?" हे यांनी विचारलं, पेपरातून डोकं वर न काढता. आम्ही दोघी इतका वेळ बोलत होतो आणि हा प्रश्न सुचला यांना.

वहिनींनी तिथेच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून आई म्हणाल्या, "दुपारला घरी याया जमंल का, एवढं सांग. बाकी तुमी काय ते बघा."

बार्शीहून जमेल. दादरहूनही जमेल, पण कुणाच्या घरी?

मग यांचं सुरू झालं. सिद्धेश्वरला कुर्डुवाडीहून रात्री बसवायचं, पहाटे दादर. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्याला रेल्वेत सवलत असते, डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म आधी भरून ठेवा. लोकलने जायची वेळ आलीच तर दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, टाटाचं कार्ड जवळ ठेवा. वहिनींनी ते सगळं हातातल्या किराणा यादीच्या मागे लिहून घेतलं.

"पण काकू, टाटाचेच डॉक्टर म्हणाले की हिची ब्रॅकी तरी इथेच करू, तर?"

"तर तेवढे दिवस ती आमच्याकडे. तळमजला आहे, संडास दोन आहेत. यांना सकाळचा पेपर तिथे न्यायची सवय आहे ती मोडावी लागेल, एवढंच."

हे काही बोलले नाहीत, म्हणजे कबूल. ठाण्याच्या बहिणीला मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही. ती रविवारी येणार आहे आणि तिचा आवाज भिंतीच्या दोन्ही बाजूंना पुरेल इतका मोठा आहे.