हद्दवाले तात्या

भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला नकाशा नुसता बघता येत नाही. त्याला त्यात तंटाच दिसतो. आमच्या सोसायटीतले तात्या याच जातीचे. उभी हयात शेतांतून साखळी ओढण्यात आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाण्यात गेली. आता रोज संध्याकाळी बाकावर दक्षिण चीन समुद्राची मोजणी करतात. (समुद्र त्यांनी पाहिलाय तो घारापुरीच्या लाँचमधून, तोही डोळे गच्च मिटून.)

बाकीची मंडळी दर आठवड्याला तिसरं महायुद्ध पुकारतात. तात्या चष्मा कपाळावर चढवतात. "आधी कब्जा कुणाचा, ते बोला."

मग मिसचीफ रीफचा कागद निघतो. "1995 साली चीननं तिथं खांबांवर खोपटी उभी केली. विचारलं तर म्हणे, कोळ्यांना निवारा! आज तिथं धावपट्टी आहे. बांध असाच सरकतो, दर नांगरटीला वीतभर." फिलिपिन्सही काही कमी नाही, हे सांगताना तर त्यांना वेगळीच उकळी फुटते. 1999 मध्ये फिलिपिन्सनं दुसऱ्या महायुद्धातलं एक जुनं जहाज सेकंड थॉमस शोलवर मुद्दाम रुतवून ठेवलं. पत्रा गंजून भोकं पडली, तरी मूठभर सैनिक आत राहतात. रसदीची बोट आली की चिनी जहाजं पाण्याचे फवारे मारायची. "गोठा आहे हो तो! पडका का असेना, वहिवाट लागते."

चीननं नकाशावर ओढलेल्या नऊ रेघांच्या आतला त्याचा ऐतिहासिक हक्क हेगच्या लवादानं फेटाळला, तो 12 जुलै 2016 ला. "बारा-सात!" तात्या मांडीवर थाप मारतात. "उलटा सातबारा. चीन कशाला मानतोय?"

"पण युद्ध होणार का?" बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ चिकाटीनं विचारतात.

तात्यांच्या मते वीतभर जमिनीपायी ठरवून खून कुणी करत नाही. घात करतो तो मोजणीच्या दिवशी कोयता घेऊन उगाच उभा राहिलेला पुतण्या. 17 जून 2024 ला चिनी तटरक्षक कुऱ्हाडी-सुरे घेऊन फिलिपिनो बोटींना भिडले. त्या झटापटीत एका नौसैनिकाचा अंगठा तुटला. तात्या स्वतःचा अंगठा सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवतात. "पंचनाम्यावर आता काय उठवणार बिचारा? आणि अंगठ्याऐवजी मान असती तर? अमेरिकेशी 1951 चा संरक्षण करार आहे त्यांचा. इतर हक्कात मामाचं नाव लागलंय, आणि मामाकडं बंदूक आहे!"

ऑगस्ट 2025 मध्ये तर त्याच समुद्रातल्या स्कारबरो शोलजवळ फिलिपिनो बोटीच्या मागे लागलेली चीनचीच दोन जहाजं एकमेकांवर आदळली, एक नौदलाचं, एक तटरक्षकांचं. "सख्खे भाऊ!" म्हणत तात्या ठसका लागेपर्यंत हसतात.

"ते राहू द्या. होणार की नाही?"

"अर्ज केलाय का?" तात्या डोळे पुसत विचारतात. "आणि द्रुतगती मोजणी हवी असेल तर फी जास्त पडेल, आत्ताच सांगून ठेवतो."